७१६ सह्या, ७१५ मतं

मी अकरावी-बारावीला बुक-कीपिंग शिकवतो, त्यामुळे ताळा जुळला नाही की मला जेवण जात नाही. बायको म्हणते दूधवाल्याचा हिशोबसुद्धा तुम्ही ट्रायल बॅलन्स मांडल्यासारखा करता. अशा माणसाला २० नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, समोर पक्षांचे एजंट घड्याळ बघत बसलेले असताना कळतं की रजिस्टरमध्ये सह्या ७१६ आहेत आणि मशीन ७१५ म्हणतंय. त्यावेळी पोटात जे काय झालं ते सांगतोच, पण आधी तिथपर्यंत पोचलो कसा ते सांगू दे, कारण विधानसभेची निवडणूक होते कशी हे मला इतकी वर्षं मत देऊनही माहीत नव्हतं, आणि आता थोडंफार माहीत झालंय तर ते पोटात राहत नाहीये.

माझा एक जुना मित्र निवडणूक शाखेत आहे. मे महिन्यात लोकसभेच्या वेळी त्याला फोन केला तर म्हणाला, अरे जिवंत आहे एवढंच. २० मेला आपल्याकडे ठाणे-कल्याणला मतदान होतं, ऊन असं की डांबर वितळेल, रांगा हलत नव्हत्या, लोक घामाघूम होऊन परत जात होते आणि जाताना जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर म्हणे वरून एकच धोशा, विधानसभेला हे परत नको. मग जून-जुलैपासून केंद्रांची यादी घेऊन बसणं सुरू. तेव्हाच्या नियमाने एका केंद्रावर १५०० च्या वर मतदार नकोत, केंद्र तळमजल्यावरच पाहिजे, रॅम्प पाहिजे, पाणी, संडास, लाईट, बसायला खुर्च्या, सावली. आता ठाण्यात सगळ्यांना पुरतील एवढ्या तळमजल्यावरच्या खोल्या आणायच्या कुठून? म्हणून मग मोठ्या सोसायट्यांची क्लबहाऊसं, पार्किंग, कम्युनिटी हॉल. त्यातलं एक क्लबहाऊस माझ्या नशिबात होतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. नसणारच, कारण कोणाला कुठे टाकायचं हे आधी कळूच नये अशीच सगळी रचना आहे, ते पुढे येईल.

तारखांचं गणित मात्र मला फार आवडलं कारण ते उलटं करायचं असतं, शेवटच्या ओळीवरून वर. आधीच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, घटनेच्या १७२ व्या कलमात लिहिलंय, तिथे सवलत नाही. म्हणजे त्याच्या आत निकाल पाहिजे, म्हणून मोजणी २३ ला. म्हणून मतदान २०ला. आता २०१९ ला आपलं मतदान दिवाळीच्या आधी, २१ ऑक्टोबरला, हरियाणाबरोबर झालं होतं. यावेळी हरियाणा पुढे गेलं आणि आपण मागे राहिलो, पावसात बीएलओंचं, म्हणजे घरोघरी मतदारयादी तपासणाऱ्यांचं, काम राहिलंय, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. शेवटी १५ ऑक्टोबरला घोषणा, २२ ला अधिसूचना, अर्ज भरायची शेवटची तारीख २९, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर. कॅलेंडर काढून बघा, २९ ला धनत्रयोदशी आणि ४ म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस. निवडणूक शाखेतल्या लोकांनी फराळ कधी खाल्ला असेल देव जाणे. मित्राच्या बायकोने त्याला ओवाळलं ते ऑफिसात डबा घेऊन जाऊन, हे खरं आहे, फोटो पाठवला होता, मागे कपाटं आणि गठ्ठे.

आणि खरी गोची त्या ४ तारखेची आहे, हे मला त्याने सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं. एका बॅलट युनिटवर, म्हणजे मतदार बटण दाबतो त्या मशीनवर, सोळा बटणं. पंधरा उमेदवार आणि एक नोटा. सोळावा उमेदवार उभा राहिला की झालं, प्रत्येक केंद्रावर दोन दोन युनिट. म्हणजे ४ तारखेला दुपारी तीनला माघारीची वेळ संपेपर्यंत कुठल्या मतदारसंघाला किती मशीन लागणार हे कोणालाच नक्की सांगता येत नाही! राज्यात २८८ जागा, ४१३६ उमेदवार, एक लाखाच्या वर केंद्रं, आपल्या ठाणे जिल्ह्यातच १८ मतदारसंघ, भिवंडी ग्रामीणपासून बेलापूरपर्यंत. आणि ४ ते २० मध्ये दिवस सोळा. त्यात मतपत्रिका छापायच्या, मशीनवर चढवायच्या, व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या मशीनमध्ये, चिन्हं भरायची, परत सगळं तपासून सील करून स्ट्राँगरूममध्ये ठेवायचं. आमच्या कॉलेजला गॅदरिंगची पत्रिका छापायला तीन आठवडे लागतात आणि तरी प्राचार्यांचं नाव चुकतं.

असो. माझी ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर आली. शिपाईमामांनी स्टाफरूममध्ये गठ्ठा आणला आणि सगळ्यांचे चेहरे पडले. त्यावर खाली ठळक अक्षरात कलम १३४, गैरहजर राहिलात तर काय होईल ते. मग जे नेहमी होतं तेच, कोणाची कंबर धरली, कोणाच्या सासूचं ऑपरेशन निघालं, एकाने तर पाच वर्षांपूर्वीचा एक्सरे काढला. मी पण ट्राय केला, खोटं कशाला बोलू. शुगर आहे म्हटलं. समोरच्या मॅडम म्हणाल्या सर मला पण आहे. विषय संपला.

मी केंद्राध्यक्ष. पहिल्यांदाच. आधी दोनदा दोन नंबरचा अधिकारी होतो, म्हणजे सही घ्यायची आणि बोटाला शाई लावायची, डोक्याला ताप नाही. केंद्राध्यक्ष म्हणजे सगळ्याचा बाप, काही झालं की त्याच्यावर.

ट्रेनिंग दोन झाली. पहिल्याला एका नाट्यगृहात बसवलं, स्टेजवर मशीन एवढंसं, बाराव्या रांगेतून काडेपेटीसारखं दिसत होतं, एसी इतका की लोकांनी ऑर्डरच्याच कागदाने कान झाकले. दुसरं बरं होतं, वर्गात, हातात मशीन दिलं. तिथेच सुविधा केंद्र होतं, म्हणजे ड्युटीवाल्यांनी आपलं मत तिथेच टाकायचं. मी राहतो नेरूळला, म्हणजे १५१ बेलापूर मतदारसंघ, आणि ड्युटी दुसरीकडे, त्यामुळे पोस्टल बॅलट. मतपत्रिका एका पाकिटात, ते पाकीट आणि सही केलेलं डिक्लेरेशन दुसऱ्या मोठ्या पाकिटात, मागे साठ माणसं रांगेत, पुढचा म्हणतोय सर पेन द्या, बाहेर झोनल अधिकारी ओरडतोय चला सीलिंगचं सेशन सुरू झालं. टाकलं एकदाचं. तुम्हाला गंमत सांगतो, नेरूळच्या मतदारयादीत आता माझ्या नावापुढे पीबी छापून आलं, म्हणजे मी २० तारखेला तिथे गेलो असतो तरी मला मत देता आलं नसतं. बायकोने यादीत बघितलं आणि विचारलं, अहो हे पीबी म्हणजे काय, तुम्हाला काढून टाकलं का?

कोण कुठे जाणार ते तीन वेळा कॉम्प्युटर ठरवतो. रँडमायझेशन. पहिल्यांदा तुमचं नाव आणि पद निघतं, दुसऱ्यांदा टीम बनते आणि मतदारसंघ ठरतो, आणि केंद्र कुठलं हे तिसऱ्यांदा, निघायच्या अगदी आधी. मशीनचं पण तसंच, आधी मतदारसंघाला, मग केंद्राला. माझ्या मशीनला माहीत नव्हतं ते कुठे जाणार आणि मलाही. मला हे आवडलं. इंटर्नल चेक म्हणतो आम्ही याला, कॅशियरनेच लेजर लिहायचं नाही, तसंच. मुलांना आता हेच उदाहरण देतो.

१९ तारखेला मंगळवारी सकाळी सातला साहित्य वाटप. मैदानात मांडव, टेबलांना नंबर, माईकवर सारखं "तेरा नंबर रूटच्या गाड्या मागच्या गेटला लागल्या आहेत". टीम भेटली. एक नंबरला महापालिका शाळेतल्या बाई, यादीत नाव शोधण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. दोन नंबरला बँकेतला एक तरुण मुलगा, हसरा, सारखा घड्याळ बघणारा. तीन नंबरला पाटबंधारे खात्यातले काका, रिटायरमेंटला सात महिने. शिवाय एक शिपाई आणि एक पोलिस, तो मालेगावहून बंदोबस्ताला आलेला, त्याला ठाण्याचं काही माहीत नाही, तो मलाच विचारत होता इथे चहा कुठे मिळतो.

पिशवी उघडून यादीप्रमाणे टिक करायला दीड तास गेला. कंट्रोल युनिट (मतं मोजणारं, आमच्या टेबलावरचं), बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट ही झाली मोठी माणसं. बाकी लाख, मेणबत्ती, काडेपेटी, दोरा, ब्लेड, टाचण्या, गोंद, कार्बन, पितळी सील, बाणाच्या फुलीचा शिक्का, शाईची बाटली, ती बाटली उभी रहायला वाळू घालायची वाटी, शाई पुसायला फडकं. आणि पाकिटं. हिरवी पाकिटं, पिवळी पाकिटं, पाकिटात घालायची पाकिटं, काळं पाकीट. काका म्हणाले साहेब लग्नात पण एवढी पाकिटं येत नाहीत. आमच्याकडे एक हिरवा पेपर सील कमी निघाला. परत टेबलला गेलो, बाई म्हणाल्या सर तुम्ही मोजता? मोजतो म्हटलं. बऱ्याच वेळाने मिळाला.

एसटीची गाडी, जीपीएस लावलेली, चार केंद्रांची माणसं आणि मशीन. घोडबंदर रोडला दुपारी दोनला निघालो म्हणजे काय झालं असेल ते इथल्या लोकांना सांगायला नको. कंटेनर, मेट्रोचे बॅरिकेड, खड्डे, आणि मांडीवर व्हीव्हीपॅट धरलेला मी, बाळंतीण सांभाळावी तसा.

क्लबहाऊस एकदम पॉश. तीन बाजूंनी काच. एका कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल घडी करून, एका बाजूला आरसे आणि योगाच्या मॅट. दारावर भली मोठी पाटी, सभासदांव्यतिरिक्त कोणालाही प्रवेश नाही. उद्या हजारावर माणसं या दारातून येणार आणि ही पाटी! झाकायची म्हणून शिपायाने वर्तमानपत्र लावलं तर त्या पानावर अर्धं पान जाहिरात, एका उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. काढ काढ म्हटलं, शंभर मीटरच्या आत चिन्ह दिसलं तर उद्या आपलाच फोटो पेपरात. शेवटी सेक्रेटरी काकांनी ब्राऊन पेपर दिला. हे काका म्हणजे माणूस भला पण संडासाची किल्ली काही सोडेना, वापर झाला की परत आणून द्या म्हणे, रात्री अकराला सुद्धा.

काचेचा दुसरा त्रास व्हीव्हीपॅटला. त्याच्यावर थेट उजेड पडता कामा नये, ट्रेनिंगला दहा वेळा सांगितलं होतं, आणि मत देताना बाहेरून कोणाला दिसताही कामा नये. म्हणजे मत द्यायचा कोपरा आरशांच्या बाजूला नाही, काचेच्या बाजूला नाही, ट्यूबच्या खाली नाही. राहिलं काय, टेबल टेनिसची बाजू. बाईंनी आणि मी मिळून तिथली काच चार्टपेपरने बंद केली, दाराची बाजू मात्र उघडी राहिली, ती लक्षात ठेवा. वीज गेली तर काय असं पोलिसाने विचारलं. मशीन आपल्या बॅटरीवर चालतं, त्याला वीज लागत नाही, पण बाईंना यादी वाचायला लागते, म्हणून मेणबत्त्या जवळ ठेवल्या.

रात्री योगा मॅटवर झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. काका घोरत होते, बँकवाला मोबाईलवर काहीतरी बघत होता, मी मनात अभिरूप मतदानाची उजळणी करत होतो. आमच्या बाई घोडबंदरलाच राहणाऱ्या, त्या रात्री घरी जाऊन पहाटे पावणेपाचला हजर, येताना सगळ्यांना उपमा.

अभिरूप मतदान म्हणजे मॉक पोल. सातला खरं मतदान सुरू, त्याच्या दीड तास आधी, साडेपाचला, एजंटांच्या समोर कमीत कमी पन्नास मतं टाकून दाखवायची, प्रत्येक उमेदवाराला, नोटाला पण. मग क्लोज, रिझल्ट, आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून जुळवायच्या. आणि मग क्लिअर. हे क्लिअरचं बटण म्हणजे सगळ्या केंद्राध्यक्षांचं दुःस्वप्न आहे. गडबडीत ते दाबायचं राहिलं तर पन्नास खोटी मतं खऱ्यात मिसळली, मग ते मशीन मोजणीला बाजूला ठेवतात, आणि तुमचं जे काय होतं ते होतं. माझ्या हातावर मी पेनाने लिहिलं होतं, क्लि. दाबल्यावर टोटल शून्य एजंटांना दाखवलं, मलाच दोनदा दाखवलं. चिठ्ठ्यांच्या मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात, सील, सह्या. मग कंट्रोल युनिटला हिरवा सील, वरची पट्टी, लाख. लाखेचा एक थेंब अंगठ्यावर पडला, डाग अजून आहे. सहा अठ्ठावन्न झाले. दारात पहिले आजोबा स्वेटर घालून, म्हणाले काय मास्तर, उघडताय ना?

दिवस बरा गेला. दर दोन तासांनी झोनलचा फोन, किती झालं, स्त्री किती पुरुष किती. नऊला गर्दी, अकराला गर्दी, दुपारी शुकशुकाट. ८५ च्या वरच्यांचं घरून मतदान आधीच झालं होतं, तरी एक आजी आल्याच, यादीत नावापुढे पीबी, त्यांना वाटलं घरी येऊन गेले ती फक्त चौकशी होती. त्यांना परत पाठवताना जीवावर आलं. त्या म्हणाल्या जाऊ दे बाळा, या निमित्ताने खाली तरी आले.

तीनच्या सुमाराला मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. एकाच बिल्डिंगमध्ये एकाच नावाच्या दोन बायका, सकाळी एकीच्या जागी दुसरीवर टिक झाली होती, आणि आता दुसरी आली तर तिचं मत झालेलं. ओळखपत्र खरं, बाई खरी. मग प्रदत्त मत, म्हणजे तिला मशीनवर नाही, कागदी मतपत्रिका द्यायची, बाणाच्या फुलीचा शिक्का मारून पाकिटात, आणि तिची सही वेगळ्या फॉर्मवर, १७-बी. ती चिडली, साहजिक आहे, मशीनचा आवाज नाही, चिठ्ठी दिसली नाही, हे कसलं मत? एजंट उठून उभे, एक म्हणतोय लिहून द्या, दुसरा म्हणतोय नाव वाचून दाखवा. मी हँडबुक उघडून सगळ्यांना कलम वाचून दाखवतोय आणि तेवढ्यात पाटबंधारेवाले काका काहीतरी म्हणाले. मी हो हो म्हटलं. काय म्हणाले ते डोक्यात शिरलं नाही.

सहाला रांगेत अकरा माणसं होती. रांगेच्या शेवटच्यापासून पुढे सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, म्हणजे मागून कोणी घुसू नये. सहा वीसला शेवटचं मत. क्लोज. टोटल बघितलं, ७१५. बँकवाल्याने रजिस्टर पुढे केलं, शेवटचा नंबर ७१६.

सगळे गप्प. परत टोटल दाबलं, जणू काही मशीन लाजून एक वाढवणार आहे. ७१५. रजिस्टरमध्ये नंबर सुटला असेल, दोनदा पडला असेल म्हणून एकेक पान बघितलं. नाही. सही केल्यावर मतदाराला मिळते आणि तो काकांना देतो, त्या काकांकडच्या चिठ्ठ्या मोजल्या, ७१६. म्हणजे सही झाली, शाई लागली, चिठ्ठी काकांकडे आली, आणि मत नाही. प्रदत्त मताचा संशय आला पण ते १७-ए मध्ये, म्हणजे या सह्यांच्या रजिस्टरमध्ये, येतच नाही. एक एजंट हळूच फोन लावायला बाहेर गेला आणि माझ्या मानेवर घाम. डोळ्यासमोर दुसऱ्या दिवशीचा पेपर आला, केंद्राध्यक्षांचा सावळा गोंधळ.

आणि काका एकदम म्हणाले, अहो तो मोबाईलवाला!

झालं होतं असं. मोबाईल आत आणायला बंदी, त्यामुळे लोक बाहेर कोणाकडे तरी देऊन येत होते. हा माणूस आपला फोन गेटवरच्या एका मुलाकडे देऊन आला. सही केली, शाई लावली, काकांना चिठ्ठी दिली, काकांनी बॅलटचं बटण दाबलं, मशीन तयार, आणि त्याने दाराच्या उघड्या काचेतून बघितलं तर तो मुलगा फोन घेऊन सायकलवरून चाललेला. हा पळाला. आमच्याकडे न बघता. मशीनचा लाल दिवा पेटलेलाच. नियम असा की पुढच्या मतदाराला त्याच मोकळ्या मतावर मत देऊ द्यायचं, काकांनी तेच केलं, बिनचूक केलं, आणि मला सांगितलं पण की साहेब एक जण न देता गेला. आणि मी त्यावेळी एजंटांना कलमं वाचून दाखवत होतो आणि म्हणालो हो हो.

मग शोधाशोध. प्रदत्त मताची वेळ मी डायरीत ३:२० लिहिली होती, त्या सुमाराच्या चिठ्ठ्या काढल्या. बँकवाल्याला आठवलं, त्याने इंग्रजीत लांबलचक सही केली होती, शेपूट खालच्या रकान्यात गेलं म्हणून मी त्याला टोकलं होतं. ५३१. शेपटासकट सापडला. शेरा लिहिला, मत न देता निघून गेले, सही घेता आली नाही. आता १७-सी, म्हणजे मतांच्या हिशोबाचा फॉर्म. या फॉर्मच्या मी प्रेमात आहे, सांगून टाकतो. वर रजिस्टरप्रमाणे मतदार, त्यातून सही करूनही मत न देणारे वजा, परवानगी नाकारलेले वजा, आणि खाली मशीनचा आकडा, आणि शेवटी प्रश्न, जुळतो का. हे चक्क बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट आहे! पासबुक आणि कॅशबुक. ७१६ वजा १, ७१५. जुळतो. एजंटांना नकला दिल्या, जो फोन लावायला गेला होता तो म्हणाला सर तुम्ही घाबरले होते. म्हटलं तू पण.

बाकी रात्र म्हणजे नुसती रांग. जमा करायच्या ठिकाणी साडेनऊला पोचलो आणि पावती मिळाली एक वाजून चाळीसला. टेबलावरच्या बाईंनी १७-सी बघितला, वजा एकवर पेन ठेवलं, वर बघितलं, मी शेरा दाखवला, त्यांनी टिक केली, नेक्स्ट. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी विचारतील, मी सगळी गोष्ट तयार ठेवली होती. काकांनी जाताना हात मिळवला, म्हणाले साहेब आता ही शेवटची, पुढच्याला मी घरून मतदान करणार. त्यांना ८५ व्हायला अजून सत्तावीस वर्षं आहेत हे मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत खाली गेलो तर एक शेजारी माझं बोट बघून म्हणाला, काय सर, शिकलेलेच मत देत नाहीत बघा. बोटाला शाई नव्हतीच, पोस्टलवाला मी. अंगठ्यावरचा लाखेचा डाग दाखवला तर म्हणाला हे कुठे भाजलं?

शनिवारी २३ ला टीव्हीसमोर बसलो. सकाळपासून राज्याचं काय ते सगळ्यांना दिसतच होतं, पण आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष बेलापूरवर, कारण तिथे आकडा फेरीफेरीला हलत होता. शेवटी मंदा म्हात्रे जिंकल्या, संदीप नाईकांपेक्षा ३७७ मतं जास्त. तीनशे सत्त्याहत्तर! मालेगाव मध्यला तर १६२ वर निकाल लागला म्हणे. माझ्या एका क्लबहाऊसमधल्या ७१५ पेक्षा कमी. मी कागद घेऊन काहीतरी वजाबाकी करत बसलो, सवय.

बायको आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, त्यात तुमचं ते पाकिटातलं मत धरलं असेल ना?

धरलं असणार म्हटलं. पोस्टल तर सगळ्यात आधी मोजतात, सकाळी आठला. बाहेरचं पाकीट उघडतात, त्यात डिक्लेरेशन असेल तरच आतलं पाकीट उघडतात, नसेल तर बाद. हे मीच तिला समजावून सांगत होतो, आणि सांगता सांगता थांबलो. ते सुविधा केंद्र, मागची साठ माणसं, पेन मागणारा माणूस, झोनलची हाक, सगळं आठवत होतं. डिक्लेरेशन मी बाहेरच्या पाकिटात टाकलं की गडबडीत आतल्या, हे मात्र काही केल्या आठवेना.